घर भरलेलं असूनही बाळंतीण एकटी का पडते?

नागपुरातल्या मानेवाड्याहून एका नव्या बाबांचा प्रश्न आला आहे. सिझेरियन होऊन २१ दिवस झालेत. मुलगी आहे, पहिलीच. बाळंतिणीची आई बारशापर्यंत सोबत होती, पण यवतमाळला वडिलांची तब्येत बिघडली आणि तिला परत जावं लागलं. आता घरात सासू, आत्या, कॉलेजात जाणारी नणंद आणि सकाळी येणाऱ्या मालिशवाल्या मावशी. "मदतीला माणसं कमी नाहीत," असं ते लिहितात, तरी बायको रोज दिवेलागणीला रडते आणि दूध पुरत नाही म्हणते. बारशाच्या रात्रीपासून डब्याच्या दुधाची एक बाटली सुरू आहे. ऊन फार म्हणून आजी बाळाला उकळून गार केलेलं पाणी चमच्याने देते. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून वरच्या मजल्यावरच्या तिच्या खोलीत कूलर बंद ठेवला आहे. बाबांची हिंगण्याला सकाळची शिफ्ट, म्हणून ते खाली हॉलमध्ये झोपतात. दूध वाढायला काय द्यावं आणि आणखी कुणाला मदतीला बोलवावं का, असं त्यांनी विचारलं आहे.

दादा, प्रश्नासोबत तुम्ही बाळाची वजनं लिहून पाठवलीत, त्यामुळे मला अंदाजाने बोलावं लागत नाही. आधी तोच हिशेब करू.

जन्मवजन २ किलो ९०० ग्रॅम. चौथ्या दिवशी सुट्टी झाली तेव्हा २ किलो ७००. दहाव्या दिवशी टाके दाखवायला गेलात तेव्हा २ किलो ८५०. काल, एकविसाव्या दिवशी, ३ किलो १५०. सुरुवातीच्या दिवसांत प्रत्येक बाळाचं वजन थोडं उतरतं. ७ टक्क्यांपर्यंत उतरलं तर आम्ही काळजी करत नाही, १० टक्क्यांच्या आसपास गेलं की बारकाईने बघतो. दोन आठवड्यांच्या आगेमागे वजन पुन्हा जन्माच्या आकड्यावर येतं. तुमच्या मुलीचं २०० ग्रॅम उतरलं, म्हणजे ७ टक्क्यांच्या आतच. पुढच्या ६ दिवसांत १५० ग्रॅम चढलं, दिवसाला २५ ग्रॅम. या वयात दिवसाला २० ते ३० ग्रॅम ही चांगली वाढ. आणि हे ६ दिवस बाटलीच्या आधीचे आहेत. तेव्हा तिच्या पोटात आईच्या दुधाशिवाय दुसरं काही जात नव्हतं. म्हणजे दूध पुरत होतं. हा कागद तुमच्या बायकोला दाखवा, आणि तिच्यासमोर तुमच्या आईलाही दाखवा.

मग बारशाला काय बिघडलं? मी तिथे नव्हते, पण बारशाचे दिवस मी पुष्कळ पाहिलेत. सकाळपासून पाहुणे. बाळंतिणीला साडी नेसवून बसवलेलं, ओटी भरणं, फोटो. बाळ या मांडीवरून त्या मांडीवर. मध्येच चुळबुळ केली तरी कुणीतरी थोपटून पुन्हा झोपवतं, कारण झोपलेलं बाळ शहाणं दिसतं. आईला पाजायला उठून जायचा संकोच वाटतो. दोन-तीन वेळचं पाजणं हुकतं. छाती ताठरते, आणि ताठरलेल्या छातीवर बाळाला तोंड नीट लावता येत नाही. संध्याकाळी पाहुणे उठले की बाळ भुकेलं, चिडलेलं आणि इतक्या हातांनी दमलेलं असतं. ते किंचाळतं, छातीला तोंड लावतं, सोडतं, पुन्हा किंचाळतं. मग मागून आवाज येतो, "लेकराले पुरत नाही वाटते." तेवढ्या एका वाक्यावर मेडिकल स्टोअरमधून डबा येतो.

संध्याकाळचं रडणं तर बारसं नसतानाही असतं. पहिल्या दोन-तीन महिन्यांत बरीच बाळं सहा ते दहाच्या दरम्यान दर अर्ध्या तासाला प्यायला मागतात. भरपूर दूध असलेल्या आईचं बाळही असंच करतं. त्या वेळेला छाती मऊ लागते, म्हणून आईला ती रिकामी वाटते. ती रिकामी नसते, दूध तेव्हाही तयार होतच असतं. पंपाने काढून किती निघालं त्यावरूनही काही ठरवू नका, कारण बाळ ओढतं तितकं पंपाने निघत नाही. खरी खूण लंगोटात असते. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर २४ तासांत सहा किंवा जास्त वेळा भरपूर, फिक्या रंगाची लघवी, पिवळी मऊ शी, ८ ते १२ वेळा पाजणं आणि चढतं वजन. एवढं असेल तर दूध पुरतंय.

आता दूध वाढवायच्या उपायाबद्दल. शतावरी, पावडरी, जिऱ्याचं पाणी यांवर मी वेळ घालवणार नाही. चालत असेल तर घ्या, पण दूध ठरतं ते बाळ किती वेळा आणि किती नीट ओढतं त्यावर. बाळ ओढतं तसं आईच्या शरीरात प्रोलॅक्टिन वाढतं आणि त्यातून पुढचं दूध तयार होतं. रात्री हे प्रोलॅक्टिन जास्त असतं. तुमची बाटली नेमकी रात्री आहे, म्हणजे सर्वांत उपयोगी पाजणंच तुम्ही काढून घेतलंय. दुसरं संप्रेरक ऑक्सिटोसिन. तयार झालेलं दूध ते खाली उतरवतं, ज्याला आपण पान्हा फुटणं म्हणतो. वेदना, लाज, भीती, कुणीतरी बघतंय ही जाणीव, यांनी ऑक्सिटोसिन अडतं. बाई घाबरली की पान्हा चोरते असं आपल्या आज्या म्हणायच्या, त्यामागे हे शरीरशास्त्र आहे. तेव्हा "दूध नाही" हे बाळंतिणीला दिवसातून चारदा ऐकवलं तर चौथ्या वेळेपर्यंत ते थोडंफार खरं होऊ लागतं.

रात्रीची ती एक बाटली बंद करा. वाढ चांगली आहे, बाटली एकच आहे आणि दहाच दिवस झालेत, त्यामुळे हळूहळू कमी करण्याचीही गरज दिसत नाही. त्याऐवजी रात्री आडवं पडून पाजू दे. सिझेरियनच्या पोटावर वजन येत नाही, कंबर दुखत नाही. पाठीमागे एक उशी, गुडघ्यांमध्ये एक उशी, बाळ कुशीवर, पोटाला पोट लागून. तोंड मोठं उघडलेलं, हनुवटी छातीला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, आणि स्तनाग्राभोवतालचा काळा भाग वरून जास्त दिसतो, खालून कमी. पहिल्या काही घोटांनंतरही दुखत असेल तर तोंड चुकीचं लागलंय. बाळाच्या तोंडाच्या कोपऱ्यात बोट घालून सोडवा आणि पुन्हा लावा. तीन-चार दिवस बाळ जास्त वेळा मागेल, तो हिशेब जुळवण्याचा काळ आहे. पाजून झाल्यावर बाळाला पाठीवर, सपाट जागेवर झोपवा. सोफ्यावर बसून पाजताना डोळा लागणं धोक्याचं.

पाणी मात्र आजपासूनच बंद. आईच्या दुधात सुमारे ८८ टक्के पाणीच असतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हाही सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचं पाणी लागत नाही. दोन चमचे पाण्याने इवलंसं पोट भरतं, तेवढं दूध कमी प्यायलं जातं, आणि जुलाबाची भीती वेगळीच. ऊन जास्त असेल तर बाळाला जास्त वेळा पाजा. पाणी आईला प्यायला द्या. सिझेरियनचे टाके ओले राहतील म्हणून बाळंतिणीला पाणी कमी देणारी घरं अजून आहेत. तुमच्याकडे तसं असेल तर ते आधी मोडा. पाजायला बसली की हाताजवळ पाण्याचा तांब्या हवा. त्यासाठी तिने हाक मारायची वाट बघायची नाही.

आता त्या खोलीबद्दल, कारण मला सगळ्यांत जास्त काळजी तिचीच वाटली. एप्रिल, वरचा मजला, डोक्यावर स्लॅब, कूलर बंद, बाळंतिणीचे कान बांधलेले आणि बाळ टोपी-दुपट्यात. नवजात बाळाला घाम नीट येत नाही, अंगावरचं काढताही येत नाही. अशा खोलीत बाळाला ताप येतो, ते सुस्त होतं, प्यायचं कमी करतं, आणि पुन्हा दोष दुधालाच जातो. अहमदाबादेत २०१० च्या उष्णतेच्या लाटेनंतर एका रुग्णालयाने बाळंतिणींचा वॉर्ड सगळ्यांत वरच्या मजल्यावरून खाली आणला. उष्णतेमुळे नवजात बाळांना अतिदक्षता विभागात दाखल करावं लागण्याचं प्रमाण त्यानंतर घटलं. तुम्हीही हेच करा, माय-लेकींना खालच्या खोलीत आणा. जिन्यावरून चढउतार करून जेवायला खाली यावं लागणं टाक्यांनाही बरं नाही. कूलर लावा. झोत थेट दोघींच्या अंगावर नको, भिंतीकडे वळवा, समोरची खिडकी थोडी उघडी ठेवा म्हणजे दमटपणा साचत नाही. टाकीतलं पाणी दर आठवड्याला पूर्ण काढून घासा, नाहीतर डासांची पैदास घरातच. बाळाला एक पातळ सुती झबलं पुरे. पोट-छाती गरम आणि हातपाय किंचित गार, हे ठीक.

शेगडीचा शेक आणि धुरी? बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवली की कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नसतो, रंग नसतो, माणूस झोपेतच जातो. डिसेंबरच्या थंडीतही मी याला नाहीच म्हणते. कंबरेला शेक हवा असेल तर गरम पाण्याची पिशवी आहे, आंघोळीचं कढत पाणी आहे.

आता तुमचा दुसरा प्रश्न, आणखी कुणाला बोलवायचं का. त्याआधी एक काम करा. उद्याचा एक दिवस वहीत लिहून काढा: बाळाला कोणी काय केलं आणि बाळाच्या आईला कोणी काय केलं. मला जे दिसतं ते असं. मावशी बाळाला मालिश करतात. आजी आंघोळ घालते. आत्या मांडीवर घेऊन बसते. नणंद फोटो काढते. बाळाला चार माणसं आहेत. आईचा रकाना मात्र बघा. तिने सकाळी किती वाजता खाल्लं, गरम खाल्लं की सगळ्यांचं झाल्यावर? दुपारी सलग दोन तास झोपली का? बाळाचे कपडे कोण धुतं? भेटायला आलेल्यांसाठी चहा ठेवायला कोण उठलं? बाळंतिणीच्या हातून बाळ काढून घेणं ही मदत आहे असं घराला वाटतं. बाळ तिच्याकडेच राहू द्या, बाकीचं सगळं तिच्या हातून काढून घ्या.

म्हणून आणखी माणूस बोलावण्यापेक्षा असलेल्यांची कामं बदला. नणंदेकडे लंगोट-दुपटी आणि बाळंतिणीच्या खोलीतला पाण्याचा तांब्या. आत्याकडे स्वयंपाकातली बाळंतिणीची ताटली: दिवसातून तीन जेवणं आणि मधली दोन खाणी, वेळेवर, तिच्या जागेवर. बाळाला मांडीवर घ्यायची हौस असेलच, ती पाजून झाल्यानंतर. तेव्हा ढेकर काढायला आत्यासारखा हात नाही. येणाऱ्या-जाणाऱ्यांना अडवायचं काम मात्र तुमचं, कारण मुलगा बोलला तर कुणाला राग येत नाही, सून बोलली तर वर्षभर विषय पुरतो. सव्वा महिना होईपर्यंत भेटायला संध्याकाळी साडेपाच ते साडेसहा, चहा पाहुण्यांनी स्वतः ठेवला तर उत्तम. सर्दी-खोकला असेल त्याने फोनवरच आशीर्वाद द्यावा.

आणि तुम्ही हॉलमधून उठून तिच्या खोलीत झोपायला जा. सकाळची शिफ्ट आहे हे मला समजतं. खासगी नोकरीत वडिलांना बाळंतपणाची रजा द्यायला कायदा बांधील नाही. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यांना १५ दिवस तरी मिळतात. म्हणून रात्रभर जागा असं मी सांगत नाही. संध्याकाळी आठच्या पाजण्यानंतर बाळ तुम्ही घ्या. रडलं तर छातीशी उभं धरून फिरवा, लंगोट बदला, आणि खरंच भूक लागली तरच आईकडे न्या. मध्ये तिची दोन-अडीच तासांची सलग झोप होते. तेवढ्या झोपेने बाई माणसात येते. पहाटे साडेचारला तुम्ही तसेही उठता, तेव्हाचं दुपटं बदलून बाळ तिच्या कुशीत ठेवून मगच आंघोळीला जा.

हे सगळं मायेपोटी करायच्या गोष्टी वाटतात, पण त्यांचा परिणाम मोजूनही पाहिलेला आहे. हरियाणात अंगणवाडी सेविका आणि आरोग्य कर्मचाऱ्यांनी गावोगावी आयांना फक्त आईचंच दूध द्या म्हणून वारंवार भेटून धीर दिला. २००३ साली आलेल्या त्या अभ्यासात तीन महिन्यांच्या वयाला फक्त आईच्या दुधावर असलेली बाळं तिथे ७९ टक्के होती, जिथे असं काम झालं नव्हतं तिथे ४८. झारखंड-ओडिशातल्या आदिवासी भागात बायकांचे गट दर महिन्याला बसून बाळंतपणाबद्दल बोलायचे, आपसात उपाय ठरवायचे. नवजात मृत्यू ३२ टक्क्यांनी कमी झाले, आणि तिसऱ्या वर्षी आयांमधलं मध्यम स्वरूपाचं नैराश्य ५७ टक्क्यांनी कमी दिसलं. तिथे कुणी औषध वाटलं नव्हतं. बायका एकमेकींशी बोलत होत्या, एवढंच.

विदर्भाला तर हे बाहेरून शिकायची गरज नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले, आणि १९९९ मध्ये ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. आज देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जातात, त्याची मुळं तिथे आहेत. शहरात आशाताई मुख्यतः वस्त्यांमध्ये नेमलेल्या असतात, त्यामुळे तुमच्या लेआउटमध्ये कुणी आलं नसेल. जवळच्या मनपाच्या आरोग्य केंद्रात स्वतः जाऊन बाळाची नोंद करा. वजन आणि लसी तिथे मोफत होतात.

आता तुमच्या आई. तुम्ही लिहिलंय, "आई ऐकत नाही." त्यांना दोष देऊ नका. तुमच्या जन्माच्या थोडं आधीपर्यंत डब्यांच्या दुधाच्या जाहिराती खुलेआम चालायच्या. गुटगुटीत बाळाचं चित्र असलेला डबा घरात असणं प्रतिष्ठेचं होतं. १९९२ च्या कायद्याने त्या जाहिराती बंद झाल्या, २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. पण डब्यावरचा तो विश्वास एका पिढीत जात नाही. "डॉक्टर म्हणतात तुझं चुकतं" असं म्हणून घरी जाल तर हराल. पुढच्या वेळी वजन करायला आईलाच सोबत घेऊन जा. काट्यावरचा आकडा त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघू द्या. आकडा त्यांनी पाहिला की आत्याला त्याच गप्प करतील. ज्या घरात आजी बाजूने आली तिथे माझं काम निम्मं झालेलं असतं.

त्यांचं बरंच बरोबरही आहे, ते मोकळेपणाने सांगा. सव्वा महिना विश्रांती ही आपल्या लोकांनी बाईला दिलेली फार मोठी सवलत आहे. डिंकाचे, मेथीचे, अळिवाचे लाडू, खसखशीची खीर, जेवल्यावर बाळंतशेपा, सगळं चालू द्या. पाजणाऱ्या आईला पहिल्या सहा महिन्यांत रोज सुमारे ६०० कॅलरी जास्त लागतात आणि लाडवातून त्या सहज येतात. अडचण होते ती पथ्याने. लाडू हवे तेवढे, पण वरण पातळ, पालेभाजी बंद, दही बंद, फळं बंद, अंडी खाणारं घर असूनही अंडी बंद. संत्रं खाल्लं तर बाळाला सर्दी होते, हे नागपुरात ऐकावं लागतं याचं मला दरवेळी आश्चर्य वाटतं. आईने संत्रं खाल्ल्याने बाळाला सर्दी होत नाही, उलट लोहाची गोळी संत्र्याबरोबर चांगली लागू पडते. ती गोळी आणि कॅल्शियम बाळंतपणानंतर १८० दिवस घ्यायचं असतं. दोन्ही एकाच वेळी घेऊ नयेत, आणि लोहाच्या गोळीवर चहा नको. दवाखान्यातून सुट्टी झाली की या गोळ्या कपाटात विसरल्या जातात, तुम्ही बघा.

मालिश चालू ठेवा, हलक्या हाताने. बाईच्या पोटावर मात्र टाके पूर्ण भरून डॉक्टरांनी सांगेपर्यंत नाही, पोट आवळून बांधणंही नाही. बाळाच्या नाकाकानात तेल, डोळ्यांत काजळ, छातीतून "दूध पिळून काढणं", हे मावशींना स्पष्ट नाही म्हणा. सव्वा महिन्यानंतरची गुटी आणि मध चाटवणंही सोडा. मधातून एक वर्षाखालच्या बाळाला बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो.

इथपर्यंत दूध आणि घर. आता तुमच्या पत्रातलं जे वाक्य मी पुन्हा वाचलं, ते: "मुलगी झाली, आम्ही सगळे खूश आहोत." सगळे? आत्याही? तुमच्या बायकोसमोर कुणी "पुढच्या वेळी बघू" असं म्हटलं असेल, तर ते तिने विसरलेलं नाही. भारतातल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१७ मध्ये आला. त्यात साधारण २२ टक्के आयांना बाळंतपणानंतरचं नैराश्य आढळलं. पैशाची ओढाताण, घरातली हिंसा, नवऱ्याचा आधार नसणं आणि मुलगी होणं, ही त्यामागची कारणं त्यात नोंदलेली आहेत. शेवटचं कारण शरीरातून येत नाही, ते आजूबाजूच्या तोंडांतून येतं.

पहिल्या दोन आठवड्यांत रडू येणं, चिडचिड होणं निम्म्याहून जास्त बायकांना होतं आणि आपोआप निवळतं. तुमच्याकडे २१ दिवस झाले आणि रडणं रोजचं आहे, म्हणून मी ते "बाळंतपणात असं होतंच" यावर सोडणार नाही. तिच्याजवळ बसा, फोन बाजूला ठेवा आणि विचारा: बाळ झोपलं असताना तुला झोप लागते का? एखादी गोष्ट गोड लागते का? आपण वाईट आई आहोत असं वाटतं का? जगणं नको असं वाटतं का? शेवटचा प्रश्न विचारल्याने तो विचार कुणाच्या डोक्यात नव्याने शिरत नाही. उलट आधीच असेल तर बाहेर येतो. एडिनबर्ग प्रश्नावली म्हणून दहा प्रश्नांचा एक साधा कागद असतो, प्रसूतितज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञ तो पाच-सात मिनिटांत भरून घेतात. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं. मेडिकल, मेयो या सरकारी रुग्णालयांत आणि मिहानमधल्या एम्समध्ये मानसोपचार विभाग आहेत. आपल्या शहरात या विषयावर पहिलं नाव पागलखाना चौकाचंच निघतं, म्हणून कुणी जात नाही. पण ताप आल्यावर ओपीडीत जाण्याइतकंच हे साधं आहे. गोळी सुरू करावी लागली तरी पाजणं बहुतेक वेळा चालू ठेवता येतं, तशी औषधं आहेत. डॉक्टरांना "मी पाजते" हे आधी सांगायचं.

ती अजिबात न झोपता भलतंच बोलू लागली, आवाज ऐकू येतात म्हणाली, बाळाबद्दल विचित्र संशय घेऊ लागली किंवा स्वतःला-बाळाला इजा करण्याचं बोलली, तर त्याच तासाला दवाखाना. तिला एकटं सोडायचं नाही, बाहेरची बाधा म्हणून कुठे उतरवायला न्यायचं नाही.

शरीराच्या बाबतीतही काही गोष्टींना सकाळची वाट बघायची नसते. अचानक वाढलेला रक्तस्राव, ताप, घाण वासाचा स्राव, टाक्यांतून पू, एका पोटरीत सूज आणि वेदना, धाप, तीव्र डोकेदुखी किंवा डोळ्यांपुढे अंधारी. बाळंतपणानंतर सहा आठवडे रक्तदाब चढू शकतो, हे लोकांना माहीत नसतं. छातीत एका जागी लाल, दुखरी गाठ आणि थंडी वाजून ताप आला तर दाखवायला जा, पण त्या बाजूने पाजणं थांबवू नका. बाळाच्या बाबतीत प्यायला नकार, सुस्ती, ताप किंवा अंग गार पडणं, मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास, तळहात-तळपायांपर्यंत पिवळेपणा.

बाटली आज रात्रीपासून थांबवलीत, तर बरोबर सात दिवसांनी त्याच काट्यावर, कपडे काढून वजन करा. १५० ग्रॅम किंवा जास्त वाढलं असेल तर डब्याचं उरलेलं दूध टाकून द्या, दुसऱ्या कुणाला देऊ नका. १०० ते १५० च्या मध्ये असेल तर कुणीतरी समोर बसून एक पूर्ण पाजणं बघायला हवं. प्रसूती झाली तिथली नर्स किंवा स्तनपान समुपदेशक चालेल. फोनवर फोटो पाठवून ते कळत नाही. १०० च्या आत असेल, किंवा या सात दिवसांत कधीही २४ तासांत लघवी सहापेक्षा कमी वेळा झाली, तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे जा. तोवर वरचं दूध लागलंच, तर आधी आईचं काढलेलं दूध द्या, वाटी-चमच्याने, बाटलीने नको. काढलेलं दूध या दिवसांत बाहेर ठेवू नका, लगेच फ्रिजमध्ये, दारात न ठेवता आतल्या बाजूला, आणि २४ तासांत वापरून टाका.